चार पेशींच्या आधी

चिझुरुनं प्लॅटिनमची तार ज्योतीत धरली, लाल झाली तशी बाहेर काढून निवू दिली आणि तिच्या चपट्या टोकानं बशीतल्या जेलीवरचा एक कृमी अलगद उचलून काचपट्टीवर ठेवला. मागे रांगेतल्या आजीबाई इतक्या वाकून बघत होत्या की त्यांचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"हा एवढासा? मला तर दिसतच नाही गं बाई."

"भिंगातून बघायचं, आजी. आणि डोळा टेकवू नका, जरा लांबूनच."

आज संशोधन संस्था सगळ्यांना खुली होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्सुमोतोची माणसं इथं येत, दारात बूट काढून पाहुण्यांच्या सपाता पायात अडकवत आणि खोल्याखोल्यांतून फटफट करत हिंडत. खाली अंगणात ओयाकी, म्हणजे भाजी भरलेल्या गरम पोळ्या, विकायला बसलेल्यांकडे गर्दी होती, शेजारच्या खोलीत फुलं गोठवून फोडून दाखवत होते, तिथंही होती. एवढं असून चिझुरुच्या दाराशी रांग लागली होती, ती कुशिदाबाईंच्या फलकामुळे. प्रयोगशाळेच्या प्रमुख असूनही त्यांनी तो स्वतःच्या हातानं रंगवला होता: 'बापाचं सामान कोण खातं?'

"तर प्रत्येक पेशीत चुली असतात," चिझुरु सकाळपासून तेच तेच सांगत होती, तरी तिला कंटाळा येत नव्हता. "शाळेत त्यांना तंतुकणिका म्हणायचे. अन्न जाळून शक्ती तयार करतात त्या. चूल जुनी झाली, बिघडली, की पेशी ती मोडते आणि सुटे भाग पुन्हा वापरते. पण सरसकट मोडत सुटत नाही. निवडून मोडते. मोडायची असेल तिलाच खुणेची चिठ्ठी लावते, पिशवीत बांधते आणि विरघळवते."

"आणि यात बाप कुठं आला?"

"अंडं फळतं तेव्हा बापाकडच्या थोड्या चुली आत येतात. आम्ही बापांना आदल्या दिवशी लाल रंगात ठेवतो, म्हणून त्या लाल चमकतात. आईच्या चुली अंड्यात खच्चून भरलेल्या असतात, त्यांना अंडं हात लावत नाही. बापाच्या तेवढ्या शोधून काढतं आणि खाऊन टाकतं."

"सगळ्या?"

"सगळ्या. तुमच्या-माझ्या चुलीसुद्धा फक्त आईकडून आलेल्या आहेत."

आजीबाई ताठ झाल्या आणि मागच्या मैत्रिणीकडे वळल्या. "ऐकलंस? बरोबरच आहे की! आमच्या यांनी तरी जन्मात कधी चूल पेटवली होती?"

रांग हसली. चिझुरुही हसली. पण तिला स्वतःला या सगळ्यात जे छळायचं ते हसण्यावारी जाणारं नव्हतं. दोन्ही चुली सारख्याच. तोच आकार, तेच काम. मग हजारोंमधल्या या मूठभर बापाच्या आहेत, हे त्या मुक्या अंड्याला कळतं कसं? कोण सांगतं? शिक्षणाची सगळी वर्षं तिनं या एका प्रश्नापायी घालवली होती आणि तो प्रश्न अजूनही तिला सकाळी लवकर उठवत होता.

टेबलावर दोन भिंगं शेजारी शेजारी लावली होती. डावीकडे साध्या जातीचं अंडं, चार पेशींचं झालेलं. त्यात लाल ठिपके अजून शिल्लक होते. उजवीकडे तिची स्वतःची जात. खुणेची चिठ्ठी लावणारं जनुक तिनं या कृमींत जास्तीचं घातलं होतं, आणि इथं चार पेशींनाच सगळं साफ. एकही ठिपका नाही. कुशिदाबाईंनी या जातीचं नाव 'वेगवान' ठेवलं होतं. सोमवारी क्योतोच्या परिषदेत त्या हाच निकाल मांडणार होत्या. चिझुरुची नेमणूक मार्चमध्ये संपत होती आणि ती वाढणार ती याच निकालाच्या जोरावर, हे बाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

आजीबाई गेल्या. पुढचा माणूस आला आणि तिच्या हातातली तार तशीच राहिली.

साठी उलटलेला उंच माणूस. सपाता लहान पडल्यामुळे टाचा मागे जमिनीवर टेकलेल्या. हातात भेटीचा खोका, कागदात नीट बांधलेला. तिनं या माणसाला मोठेपणी एकदाच पाहिलं होतं, तिची आजी वारली तेव्हा, आणि तेव्हा दोघं पावसावर बोलले होते.

"रांगेतच उभा होतो," तिचे वडील किइची म्हणाले. "पत्रकात तुमचं नाव दिसलं. म्हणजे, तुझं."

"या ना," चिझुरु म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "इतोइगावाहून आलात?"

"सकाळच्या गाडीनं. हे घे. काही विशेष नाही, बांबूच्या पानातले गोड गोळे. लहानपणी तुला आवडायचे."

तिला आवडायचे की नाही हे तिला आठवत नव्हतं. तिच्या सातव्या वर्षी हा माणूस घरातून गेला. त्याच्यामागोमाग त्याचे फोटो गेले आणि तिचं आडनाव इनोमाताचं मोमोसे झालं. आईनं सगळं असं निवडून निवडून काढलं होतं की नखाएवढी खूण मागे राहिली नाही. पंधराव्या वर्षी चिझुरु आईवर ओरडली होती, "तूच त्यांना येऊ दिलं नाहीस!" आणि आई काही न बोलता तांदूळ धूत राहिली होती. त्या गप्प राहण्यालाच चिझुरुनं कबुली धरलं. तेव्हापासून दोघींमध्ये जे थंड पडलं ते पडलंच. आई शेजारच्या शिओजिरीत राहायची, गाडीनं हाकेच्या अंतरावर, आणि चिझुरु वर्षातून दोनदा जायची, पाहुण्यासारखी.

खरं सांगायचं तर वडिलांना बघून तिला आनंद झाला होता, आणि या वयात इतका आनंद व्हावा याची लाजही वाटत होती.

"बघा," ती म्हणाली. "आधी डावीकडचं."

किइचींनी चष्मा कपाळावर चढवला. "लाल ठिपके आहेत."

"आता उजवीकडचं."

ते बराच वेळ बघत राहिले. "इथं काहीच नाही."

"तेच तर! चार पेशी व्हायच्या आधीच खाऊन मोकळं. जगात अजून कुणी असं पाहिलेलं नाही."

"अच्छा." त्यांनी डोळा काढला नाही. "आणि खाताना कसं दिसतं?"

"खाताना?"

"हे तर झाल्यानंतरचं झालं ना. ते आत येतं, मग हे त्याला पकडतं, मग खातं... ते बघायला मजा येत असेल."

चिझुरु जरा अडखळली. अगदी कोवळी अंडी काचेखाली फुटतात, म्हणून ती मोजणी चार पेशींपासूनच सुरू करायची. त्याच्या आधीचं बघायचं तर आख्खी आईच गुंगी देऊन भिंगाखाली घालावी लागते. कृमी आरपार दिसतो, त्यामुळे पोटातलं सगळं कळतं. साध्या जातीत तिनं ते पूर्वी केलं होतं. वेगवानमध्ये नाही. इतका देखणा निकाल हाती लागल्यावर मागे जाऊन कोण बघत बसतं?

पण वडिलांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. आणि दाखवावंसं तिलाही वाटत होतं, शाळेतून चित्र काढून आणलेल्या पोरीला वाटतं तसं. जेवणाची वेळ झालीच होती. तिनं दाराला 'मध्यंतर' अशी पाटी अडकवली, रांगेची वाकून माफी मागितली आणि दिवे मालवले.

"बसा इथं. सुरुवातीपासून दाखवते."

तिनं वेगवानची एक आई उचलली, गुंगीच्या थेंबात सोडली, वर नाजूक काच ठेवली. चित्र पडद्यावर घेतलं, म्हणजे दोघांना एकदम दिसेल.

"ही वाटाण्यासारखी दिसतात ती अंडी, एका ओळीत. ही शुक्राणूंची पिशवी दिसते? अंडं हिच्यातून पलीकडे जातं आणि जाता जाता फळतं. तिथं लाल चमकेल. नीट बघा हं, पटकन होतं."

ओळीतलं पुढचं अंडं हललं. पिशवीच्या तोंडाशी लांबुळकं झालं, आत शिरलं, थोडा वेळ तिथं थांबलं आणि पलीकडे गोल होऊन बाहेर पडलं.

"गेलं, गेलं!" किइची खुर्चीत पुढे सरकले. "झालं का?"

"थांबा."

लाल काही दिसलं नव्हतं. तिनं दिव्याची तीव्रता वाढवली. तरी लाल ठिपका उमटला नाही. रंगच उडाला असेल म्हणून तिनं डबीतला एक बाप काढून बघितला. तो निखाऱ्यासारखा लाल होता. दुसरी आई घेतली. मग तिसरी. अंडी जात होती, फळत होती, पलीकडे एकाची दोन होत होती, आणि लाल कुठंच नव्हतं.

रंगाचा दिवा बंद करून तिनं साधा उजेड लावला आणि पिशवीवर भिंग नेलं. पिशवी बारीक दाण्यांनी गच्च भरलेली होती. ते शुक्राणू होते, पण लाल चमकत नव्हते, म्हणजे बापाचे नव्हते. आईचे स्वतःचे होते.

या कृमींचं असंच असतं. ज्यांना प्रयोगशाळेत सगळे 'आई' म्हणतात, त्या तरुणपणी स्वतःपुरते शुक्राणू करून साठवून ठेवतात, आणि तो साठा संपेपर्यंत त्यांचं बापावाचून काही अडत नाही. म्हणून या धंद्यातली सगळी माणसं आधी साठा संपू देतात आणि मग बशीत बाप सोडतात. त्यानंतर एखादं अंडं फळलं तर ते बापाचंच, यात शंका नाही. चिझुरुही नेहमीइतके दिवस थांबली होती. पण वेगवान वाढायला हळू होती, नाव वेगवान आणि चाल गोगलगायीची, अशी थट्टा तिनंच कितीदा केली होती. दिवस तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले, कृमीच्या वयावर मोजलेच नाहीत. साठा भरलेला होता. बाप बशीभर हिंडले असतील, पण त्यांना कुणी जवळ केलं नव्हतं.

म्हणजे वेगानं खाणं वगैरे काही नव्हतंच. खायला आत काही आलंच नव्हतं.

"काय झालं?" किइचींनी विचारलं. "तुझा चेहरा..."

"चूक झाली." तिनं खुर्ची ओढली आणि धपकन बसली. "अंड्यात लाल नसण्याची दोन कारणं असू शकतात. आलं आणि खाल्लं गेलं. किंवा आलंच नाही. चार पेशींना बघितलं तर दोन्ही सारखीच दिसतात. मी पहिलं धरून चालले."

"का?"

"कारण तेच जास्त छान होतं," ती चिडून म्हणाली. "मला तेच हवं होतं, म्हणून!"

अंगणातून ओयाकीवाल्यांच्या हाका ऐकू येत होत्या. किइची हळूच म्हणाले, "मग आता?"

"सोमवारी कुशिदा-सेन्सेई क्योतोत सगळ्यांसमोर हे सांगणार. माझ्याशिवाय हे अजून कुणाला माहीत नाही. दुसरं कुणी कृमी मागवून, वाढवून, करून बघेपर्यंत वर्ष तरी जाईल." ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपसूक आलं. "तोवर माझी नेमणूक झालेली असेल."

किइचींनी पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला सोसवेना. विषय बदलायला म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही आलात हे बरं झालं. मला माहीत आहे, आईनं तुम्हाला कधी येऊ दिलं नाही. तुम्हाला मी कधीच दोष दिला नाही."

किइचींनी मांडीवर हात पुसले. पडद्यावरचं अंडं दोनाचं चार व्हायला निघालं होतं. ते तिकडे बघत राहिले.

"असं आई म्हणाली?"

"ती कुठं काय बोलते! तिनं तुमचं नावसुद्धा घरात राहू दिलं नाही."

"चिझुरु." त्यांनी घसा साफ केला. "तिनं मला अडवलं नाही. कधीच नाही. आमचं ठरलं होतं, महिन्यातला एक रविवार माझा. ती तुला घेऊन मात्सुमोतोच्या स्टेशनावर येणार आणि मी गाडीनं यायचं. ती यायची. मी नाही आलो."

"गाडी चुकली असेल."

"गाडी समोर उभी होती. मी तिकडच्या फलाटावर होतो. चढलो नाही." त्यांचा आवाज सरळ होता, पण हात एकमेकांत घट्ट झाले होते. "तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू, असं झालं. पुढच्या रविवारी तर मागच्या रविवारचीही लाज. मग त्याच्या पुढच्या. पुढे पुढे न येणं सोपं जायला लागलं. तिनं दोनदा फोन केला होता. मीच उचलला नाही."

चिझुरुला ते रविवार आठवले. लख्ख आठवले. आई सकाळी तिची वेणी घालायची आणि म्हणायची, चल, आज गाड्या बघायला जाऊ. फलाटावरचं ते बाकडं, हातात गरम ओयाकी, आतली लोणच्याची भाजी जिभेला पोळायची. दुपारची गाडी यायची, माणसं उतरायची, फलाट रिकामा व्हायचा, आणि मग आई उठून तिचा फ्रॉक झटकायची. किती मजा यायची त्या गाड्यांची! आपल्या आईला गाड्यांचं वेड आहे असं तिनं शाळेत निबंधात लिहिलं होतं.

तिला असा राग आला की कानांच्या पाळ्या तापल्या.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? इतक्या वर्षांनी? मी तिला काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला? मी तिच्याकडे जेवायलासुद्धा थांबत नाही!"

"माहीत नव्हतं."

"मग आत्ता तरी गप्प बसायचं होतं! मी तर म्हटलंच होतं, तुम्हाला दोष देत नाही म्हणून."

"तेच तर," किइची म्हणाले. "ते ऐकायला फार बरं वाटलं. म्हणून भीती वाटली, की तेच खरं धरून बसेन."

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर डोंगरांच्या माथ्यावर पहिलं बर्फ धरलं होतं, खाली माणसं उन्हात उभी राहून खात होती. तिला रडू येत नव्हतं. नुसतं वाटत होतं, आत्ता कुणीही दार उघडून आत येऊ नये.

आणि नेमक्या तेव्हाच कॉरिडॉरमध्ये कुशिदाबाईंचा खणखणीत आवाज आला. "या, या, इकडे! आता तुम्हाला आमच्या मोमोसे-सानचा वेगवान कृमी दाखवते. असा दुसरीकडे कुठं नाही हो!" त्यांच्यामागे सुटातल्या माणसांच्या सपाता वाजत होत्या.

काचपट्टी यंत्रावरच होती. काढून टोपलीत टाकायला एक क्षण पुरला असता. चिझुरु टेबलाशी आली, तिचा हात पट्टीवर गेला, आणि तिनं ती जराशी सरकवून पिशवी बरोबर मध्यावर आणली.

"सेन्सेई," दार उघडताच ती म्हणाली, "पाहुण्यांच्या आधी तुम्ही बघा. हे चार पेशींच्या आधीचं आहे."

"आत्ता?" बाई हसल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. पाहुण्यांना हातानं थोपवून त्यांनी दार लोटून घेतलं, चष्मा काढला आणि वाकल्या.

एक अंडं गेलं. बाईंनी विचारलं नाही, त्यांचाच हात रंगाच्या दिव्याच्या बटणावर गेला आणि पुन्हा साध्या उजेडावर आला. मग त्या खूप वेळ तशाच वाकून राहिल्या.

"किती थांबली होतीस?"

"नेहमीएवढीच."

"आणि ही जात हळू वाढते."

"हो."

"आणि मीही विचारलं नाही." बाई सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, एकदम दमल्यासारख्या दिसत होत्या. "देखणं होतं ना फार. सोमवारी उभं राहून काय बोलायचं ते आता बघावं लागेल. मार्चचं मला आज काही सांगता येणार नाही, मोमोसे-सान."

"कळतंय मला."

"पण हे तू आज का बघितलंस? इतके महिने नाही, आणि आज, या गर्दीत?"

चिझुरुनं उत्तर द्यायच्या आधीच बाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. किइची खुर्चीतून अर्धवट उठले होते, चष्मा अजून कपाळावरच होता.

"माफ करा, मी पाहिलंच नाही. आपण?"

"मी असाच," किइची घाईघाईनं म्हणाले. "रांगेतला. निघतोच आहे."

"माझे वडील आहेत," चिझुरु म्हणाली. "पहिल्यांदाच आलेत."

"अगंबाई, मग उभे काय! बसा, बसा ना, चहा तरी सांगते," कुशिदाबाई म्हणाल्या. किइची कमरेतून वाकले, रीत म्हणून वाकतात त्यापेक्षा पुष्कळ खाली, आणि बाई दोनदा 'बसा' म्हणाल्या तरी सरळ झाले नाहीत.